निवासी शिबिराला मुलाला कधी पाठवावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती येऊ लागतात आणि त्यांच्या मागोमाग पालकांचे प्रश्नही. खालील प्रश्न प्रामुख्याने पहिली ते पाचवीतल्या मुलांच्या पालकांचे आहेत. उत्तरे देताना महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत भरणारी, तीन ते दहा दिवसांची शिबिरे डोळ्यांसमोर ठेवली आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागू होत असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. निवासी शिबिरासाठी योग्य वय कोणते?

सर्व मुलांना लागू पडेल असे एक वय नाही. अनेक आयोजक आठ ते दहा वर्षांपासूनच्या मुलांना प्रवेश देतात. स्काउट-गाइड चळवळीतही दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी कब-बुलबुल हा वेगळा विभाग असतो आणि खुल्या मैदानातले खरे शिबिरजीवन त्यानंतर सुरू होते. आठच्या आसपासची मर्यादा अगदीच निराधार नाही. या वयापर्यंत ‘अजून चार दिवस’ म्हणजे किती हे मुलाला कळू लागते आणि स्वतःचे सामान, कपडे व शरीर सांभाळण्याइतके हात तयार झालेले असतात. सहा वर्षांच्या मुलासाठी मात्र परक्या जागी तीन रात्री म्हणजे कधी संपणार हे न कळणारा काळ असतो. सात वर्षांखालील मुलाला दिवसाच्या शिबिराला किंवा पालकांसह असलेल्या शिबिराला न्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक-दोन वर्षे थांबल्याने त्याचे काहीही बुडत नाही. दुसरीकडे, दहा वर्षे पूर्ण झाली म्हणून मूल आपोआप तयार झाले असेही समजू नये.

२. वयावरून ठरवायचे नाही, तर नेमके काय पाहायचे?

एकच गोष्ट पाहायची असेल तर ही पाहावी : आपल्याला काय हवे आहे किंवा काय होते आहे, हे मूल ओळख नसलेल्या मोठ्या माणसाला आपण होऊन सांगू शकते का? पोटात दुखते आहे, पाणी संपले आहे, बूट चावतो आहे, शेजारचा मुलगा त्रास देतो आहे, रात्री शौचाला जायचे आहे पण अंधाराची भीती वाटते, या सगळ्या गोष्टी घरी आईला चेहऱ्यावरून कळतात. शिबिरातल्या ताई-दादांकडे दहा-पंधरा मुले असतात आणि त्यांना हे चेहरे दोन दिवसांपूर्वी माहीतही नसतात. जे मूल बोलते त्याची बहुतेक अडचण पाच मिनिटांत सुटते. जे बोलत नाही ते दिवसभर तहानलेले राहू शकते.

याची पारख घराबाहेर करावी. वर्गात तब्येत बिघडली तर मूल बाईंना सांगते, की घरी येईपर्यंत थांबते? दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तर परत मागते का? लाजाळू असणे आणि बोलू न शकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चार माणसांत गप्प बसणारी पुष्कळ मुले गरज पडली की नेमके बोलतात, आणि घरात अखंड बडबड करणारी काही मुले परक्यासमोर पार मिटून जातात.

शरीराच्या कामांची पारख त्यानंतर येते. बादलीतल्या पाण्याने अंघोळ करणे, दात घासणे, ओले कपडे वाळत घालणे, ताटातले अनोळखी पदार्थ निदान भूक भागेल इतके खाणे आणि रात्री उठून स्वच्छतागृहात जाणे, इतके जमायला हवे. लांब केसांच्या मुलीला स्वतःची वेणी घालता येत नसेल तर त्यासाठी शिबिर रद्द करण्याची गरज नाही. केस थोडे कापले तरी चालतात. जे जमत नाही त्यापैकी बरेचसे दोन महिन्यांत शिकवता येते (प्रश्न ४ पाहा).

३. आमचा मुलगा दर सुट्टीत आमच्याशिवाय आजोळी पंधरा दिवस राहतो. म्हणजे तो तयार आहे ना?

आई-वडिलांपासून दूर झोपायची सवय आहे एवढे त्यावरून कळते, आणि ही सवय उपयोगाचीच आहे. पण आजोळी सगळे घर नातवाभोवती फिरते. त्याला भेंडी आवडत नाही म्हणून वेगळी भाजी होते, तो उठेल तेव्हा सकाळ होते आणि रडू आले तर आजीची मांडी असते. शिबिरात मुलाला वेळापत्रकाप्रमाणे वागावे लागते : साडेपाचला उठणे, रांगेत ताट घेणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे. त्यामुळे आजोळच्या मुक्कामापेक्षा मित्राच्या घरची एक रात्र अधिक सांगून जाते, कारण तेथे पद्धत दुसऱ्यांची असते आणि लाड मोजके.

४. तयारी घरीच करून घेता येते का?

येते, आणि ती शिबिराच्या आदल्या आठवड्यात न करता दोन-अडीच महिने आधीपासून करावी. शहरातल्या मुलांची सर्वांत मोठी अडचण बहुधा कोणी विचारतच नाही, ती म्हणजे भारतीय पद्धतीचे शौचालय. घरात फक्त कमोड असलेल्या मुलाला उकिडवे बसता येत नाही, मग ते संकोचाने तीन-तीन दिवस शौचाला जात नाही, पोट दुखू लागते, आणि घरी फोन येतो तो ‘आठवण येते’ म्हणून. नातेवाइकांकडे किंवा प्रवासात ही सवय आधीच करून घ्यावी.

सॅक मुलाने स्वतः भरावी आणि पालकांनी फक्त यादी वाचावी. आईने नीट रचून दिलेल्या सॅकमधला टॉर्च मुलाला रात्री सापडत नाही. घरातला एखादा शनिवार-रविवार मोबाइल आणि टीव्हीशिवाय, जमिनीवरच्या पथारीवर झोपून, ठरलेल्या वेळी उठून घालवावा. त्यानंतर मित्राकडे एक रात्र आणि जमल्यास एका रात्रीचे लहान शिबिर. पहिलेच शिबिर दहा दिवसांचे निवडू नये. तीन-चार दिवस पुरेसे आहेत.

५. मुलीने स्वतःच हट्ट धरला आहे, कारण तिची मैत्रीण जाणार आहे. पाठवावे का?

जाण्याची इच्छा मुलाची स्वतःची असणे ही तयारीची चांगली खूण आहे, मग कारण मैत्रीण असले तरी. फक्त तिला एक प्रश्न विचारावा : ‘तुम्ही दोघी वेगळ्या गटांत आलात तर?’ काही आयोजक ओळखीच्या मुलांना मुद्दाम वेगळे करतात, त्यामुळे हा प्रश्न काल्पनिक नाही. ‘चालेल, जेवताना भेटू’ असे उत्तर आले तर निश्चिंत राहावे. चेहरा उतरला तर आयोजकांशी गटाबद्दल आधीच बोलून घ्यावे किंवा वर्षभर थांबावे.

६. मुलाला जायचे नाही. पण त्याला शिस्त लागावी आणि मोबाइल सुटावा, म्हणून पाठवावे असे वाटते.

या कारणासाठी पाठवू नये. ‘असाच वागलास तर शिबिरात टाकीन’ असे वर्षभर ऐकलेल्या मुलाला शिबिर ही शिक्षाच वाटते, आणि शिक्षा भोगायला आलेले मूल तेथे काही शिकत नाही. मोबाइल पाच दिवस हातात नसतो हे खरे. पण घरातल्या मोठ्यांच्या हातात तो तसाच असेल तर परत आल्यावर आठवड्याभरात सगळे पूर्ववत होते.

नकाराचे मूळ मात्र शोधावे. ‘मला नाही जायचं’ या वाक्यामागे अंधार, साप, पोहणे, अंथरूण ओले होणे किंवा मागच्या वर्षी कोणीतरी चिडवलेले असणे असे ठोस काहीतरी असू शकते. भीतीला नाव मिळाले की तिच्यावर उपाय करता येतो. काहीच नसेल आणि मुलाला केवळ घरी राहायचे असेल, तर तेही सुट्टीचे रास्त कारण आहे.

७. घरची आठवण येऊन मूल रडले तर?

थोडीफार आठवण बहुतेक सगळ्याच मुलांना येते आणि तो अपरिपक्वपणा नव्हे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिआट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००७ मध्ये या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. मुलाला निर्णयात सहभागी करून घेणे, आधी घराबाहेर राहण्याचा सराव देणे आणि आठवण आली तर काय करायचे हे आधीच बोलून ठेवणे यांमुळे त्रास कमी होतो, असे त्यात सांगितले आहे. ‘आवडले नाही तर लगेच घ्यायला येतो’ असे वचन देऊ नये, हेही त्यात आहे. पालकांना हा सल्ला कठोर वाटतो, पण असे वचन मिळालेले मूल पहिल्याच रात्री त्याची आठवण करून देते. आणि आपल्याला हे जमणार नाही असे आई-बाबांनाही वाटत होते, हा त्या वचनाचा दुसरा अर्थ मुलाला बरोबर कळतो.

त्याऐवजी असे सांगावे : ‘आठवण येईल, विशेषतः संध्याकाळी आणि झोपताना. तेव्हा ताईला सांग, पाणी पी, कोणाशी तरी बोलत बस. सकाळी बरे वाटेल.’ आठवण खरोखर त्याच दोन वेळांना दाटते. दिवसा धावपळीत मूल घर विसरलेले असते. निरोप थोडक्यात घ्यावा. बस सुटताना ‘तुझ्याशिवाय घर खायला उठेल’ असे म्हणणाऱ्या आजीला शक्य तर घरीच ठेवावे.

८. शिबिरात फोन करू देत नाहीत. हा नियम योग्य आहे का?

मुलांना रोज घरी फोन करू न देणे योग्य आहे. आईचा आवाज ऐकताच, तोवर मजेत असलेले मूल रडू लागते, आणि त्यानंतर घरी आई आणि शिबिरात ताई अशा दोघींची रात्र बिघडते. मात्र पालकांना आयोजकांशी कोणत्याही वेळी बोलता आले पाहिजे, आणि मूल आजारी पडले, जखमी झाले किंवा दोन वेळा जेवले नाही तर आयोजकांनी स्वतःहून कळवले पाहिजे. या दोन गोष्टी लेखी मान्य करायला जे तयार नाहीत त्यांच्याकडे मूल पाठवू नये. रोज पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येणाऱ्या छायाचित्रांत आपले मूल हसताना दिसत नाही म्हणून घाबरू नये. ऊन डोळ्यांवर असेल.

९. मुलगा नऊ वर्षांचा आहे, पण अजून कधीकधी अंथरूण ओले करतो. शिबिर टाळावे का?

केवळ या कारणासाठी टाळण्याची गरज नाही. पाच वर्षांच्या सुमारे १५ टक्के मुलांचे अंथरूण रात्री ओले होते, आणि पुढे दर वर्षी त्यांतल्या साधारण १५ टक्के मुलांची सवय आपोआप थांबते. म्हणजे चौथीच्या मुलांच्या शिबिरात आपला मुलगा बहुधा एकटा नसतो. गटाच्या दादाला किंवा ताईला आधी, खासगीत आणि मुलाला सांगूनच कल्पना द्यावी. झोपण्यापूर्वी लघवीला पाठवण्याची आणि रात्री त्यासाठी एकदा उठवण्याची व्यवस्था, गडद रंगाची चादर, प्लास्टिकची पिशवी आणि जादा पायजमे इतके पुरते. आयोजकांनी हे ऐकून नाक मुरडले तर त्या शिबिराबद्दल तुम्हाला हवी ती माहिती मिळाली.

औषधाचा विचार असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून ते काही आठवडे आधी घरीच वापरून पाहावे. यासाठी दिले जाणारे डेस्मोप्रेसिन घेतल्यावर रात्री पाणी मोजके प्यावे लागते, आणि मे महिन्यात दिवसभर उन्हात खेळलेल्या मुलाच्या बाबतीत ही अट अवघड ठरते. डॉक्टरांशी बोलताना हे जरूर सांगावे. मूल पूर्वी कोरडे राहत असून अलीकडेच हा त्रास सुरू झाला असेल, तर शिबिर बाजूला ठेवून आधी तपासणी करावी.

मूल झोपेत चालत असेल तर तेही लपवू नये. अशा मुलाला वरचा पलंग किंवा दारालगतची जागा देऊ नये.

१०. दमा, फिट किंवा अ‍ॅलर्जी असेल तर?

आजार आटोक्यात असेल आणि तो सांभाळणारा माणूस शिबिरात असेल तर पाठवता येते. डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाचे नाव, मात्रा व वेळ मराठीत लिहून, दोन प्रतींत द्यावी. दम्याचा पंप मुलाच्या जवळच राहिला पाहिजे. कार्यालयातल्या कुलूपबंद पेटीतला पंप डोंगरावर उपयोगाचा नाही. फिट येणाऱ्या मुलाने पोहण्याच्या उपक्रमात भाग घ्यावा का, हे डॉक्टरांनी ठरवावे. इन्सुलिन घेणाऱ्या मुलासाठी औषध ठेवायला थंड जागा आणि जेवणाच्या पक्क्या वेळा यांची खात्री करावी.

शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीबद्दल वेगळे सांगणे आवश्यक आहे. आपल्या स्वयंपाकात कूट इतके सवयीचे आहे की आचारी ‘शेंगदाणे नाहीत’ असे मनापासून सांगतो आणि कोशिंबिरीत, खिचडीत, भरल्या वांग्यात कूट असतेच. तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर स्वतः आचाऱ्याशी बोलावे. तेवढ्याने खात्री वाटली नाही तर शिबिर बदलावे.

११. शिबिर सुरक्षित आहे हे कसे ओळखावे?

मुलाची तयारी आणि शिबिराची तयारी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पालक पहिल्यात इतके गुंततात की दुसरा राहून जातो.

कागदांपासून सुरुवात करावी. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार गिर्यारोहण, प्रस्तरारोहण, जलक्रीडा असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे. नंतर पाण्याबद्दल विचारावे. पानशेत, पवना, भंडारदरा अशा जलाशयांकाठी शिबिरे भरतात आणि धरणाचे पाणी वरून शांत दिसत असले तरी काठापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल होऊ शकते. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट मिळते का आणि काठावर केवळ लक्ष ठेवण्याचे काम कोणाकडे असते, हे विचारावे.

त्यानंतर रात्र. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश बहुतेक वेळा दुखतही नाही. पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या यांवरूनच संशय येतो. म्हणून पलंग, निदान नीट खोचलेली मच्छरदाणी, आणि रात्री बाहेर पडताना टॉर्च व पायात बूट, हे नियम हवेत. कोकणात आणि मावळात लाल विंचवाचा दंश लहान मुलांसाठी घातक ठरू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुढ केल्यापासून मृत्यू पुष्कळ घटले. पण त्यासाठी मूल वेळेत दवाखान्यात पोहोचावे लागते. सर्पदंशाची लस उपलब्ध असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, तेथे पोहोचायला किती वेळ लागतो आणि रात्री शिबिरस्थळी वाहन उभे असते का, हे तीन प्रश्न सरळ विचारावेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहेच, पण घाटातल्या वाटेवर केवळ तिच्यावर विसंबू नये.

शेवटी माणसे. मुलींच्या निवासात स्त्री कार्यकर्त्या झोपतात का, न्हाणीघरांना आतून कडी आहे का, आणि एकटे मूल व एकटा मोठा माणूस बंद खोलीत असू नये असा नियम आहे का? नियम असेल तर उत्तर लगेच मिळते. मुलालाही सांगून ठेवावे की अंगाला नको तसा स्पर्श झाला किंवा कोणी ‘हे घरी सांगू नकोस’ म्हटले तर ते घरी सांगायचेच. असा प्रकार कळल्यावर बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार (पॉक्सो) पोलिसांना माहिती देणे बंधनकारक आहे. ‘संस्थेची बदनामी नको’ हे कारण कायद्याला मान्य नाही. मदतीसाठी १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आहे.

१२. मुलगी दहा वर्षांची आहे, पाळी अजून आलेली नाही. तरी सांगून पाठवावे का?

होय. पहिली पाळी या वयात, घरापासून दूर असतानाही येऊ शकते. दोन-तीन पॅड आणि जादा कपडे सॅकमध्ये द्यावेत, ते कसे वापरायचे हे दाखवावे आणि कोणत्या ताईला सांगायचे तेही ठरवून ठेवावे.

१३. थोरला तयार आहे, धाकटी नाही. दोघांना एकत्र पाठवले तर चालेल का?

धाकटीला सांभाळण्याचे काम थोरल्यावर पडणार असेल तर चालणार नाही. ते त्याचेही शिबिर आहे. धाकटी स्वतंत्रपणे प्रश्न २ च्या कसोटीला उतरत असेल तरच एकत्र पाठवावे.

१४. घरात नुकतेच बाळ आले आहे, आणि आजोबाही गेले. अशा वेळी मुलाला थोडा बदल म्हणून पाठवावे का?

‘बदल’ मोठ्यांना हवा असतो. दुःखाच्या किंवा उलथापालथीच्या काळात दूर पाठवलेल्या मुलाला आपल्याला घरातून काढले असे वाटू शकते, किंवा आपण नसताना आणखी कोणी जाईल अशी भीती वाटते. काही महिने थांबावे. अपवाद असा की मूल आधीही त्याच शिबिराला गेलेले आहे, तेथे त्याची माणसे आहेत आणि ते स्वतः जायला उत्सुक आहे; तेव्हा ओळखीची जागा आधारच ठरते. आई-वडील विभक्त असतील तर दोघांची लेखी संमती घ्यावी आणि सुट्टीतील ताब्याबद्दल न्यायालयाचा आदेश असल्यास तारखा त्याच्याशी ताडून पाहाव्यात.

१५. मुलाला स्वमग्नता किंवा अतिचंचलतेचा त्रास आहे. त्याला शिबिर शक्य आहे का?

शक्य आहे, पण शिबिराची निवड फार महत्त्वाची ठरते. लहान गट, आदल्या दिवशी सांगितलेले वेळापत्रक आणि गोंगाटातून बाजूला होण्यासाठी एक शांत जागा मिळत असेल तर विचार करावा. आधी मुलाला घेऊन ती जागा दाखवून आणावी. औषधे सुट्टीत बंद करायची का, हे आयोजक किंवा नातेवाईक ठरवू शकत नाहीत. ते डॉक्टरांचे काम आहे.

१६. आम्ही अमेरिकेत राहतो. मराठी कानावर पडावे म्हणून मुलीला महाराष्ट्रातल्या शिबिराला पाठवता येईल का?

कल्पना चांगली आहे, पण सुट्ट्या जुळत नाहीत. तिकडच्या बहुतेक शाळा मेअखेर किंवा जूनमध्ये सुटतात, तेव्हा इथली शिबिरे संपत आलेली असतात आणि जूनच्या मध्याला शाळा व पाऊस दोन्ही सुरू होतात. तारखा जुळल्याच तर उतरल्याबरोबर पाठवू नये. झोपेची वेळ, पाणी आणि ऊन यांची सवय होण्यासाठी आठवडाभर घरी ठेवावे आणि लसींबद्दल तिकडच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारावे. मराठी समजते पण बोलता येत नाही अशा मुलीला प्रश्न २ मधली कसोटी मराठीतच लावून पाहावी : ‘मला बरं वाटत नाही’ एवढे तिला न अडखळता म्हणता येते का? अमेरिकेतलेच शिबिर निवडणार असाल तर परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि अमेरिकन कॅम्प असोसिएशनची मान्यता ऐच्छिक आहे, हे लक्षात ठेवावे.

१७. दुसऱ्या दिवशी फोन आला, मूल सारखे रडते आहे. परत आणावे का?

आधी ताईला तीन गोष्टी विचाराव्यात : ते जेवते का, झोपते का, आणि दिवसा खेळात रमते का. तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर रडणे संध्याकाळपुरते आहे आणि एक दिवस थांबावे. दोन दिवस अन्न जात नसेल, झोप नसेल, मूल सर्वांपासून बाजूला बसून राहत असेल, किंवा कोणा विशिष्ट व्यक्तीला घाबरत असेल, तर लगेच निघावे. शेवटच्या शक्यतेत तर एक तासही थांबू नये. परत आणल्यावर नातेवाइकांसमोर ‘हा पळून आला’ असा विनोद करू नये.

१८. पैसे भरले आहेत, सॅक भरून तयार आहे, आणि आदल्या रात्री मूल नाही म्हणते आहे. आता काय करावे?

आठवडाभर उत्साहात असलेल्या मुलाने आदल्या रात्री कच खाल्ली तर ती बहुधा पोटातली धाकधूक असते. ऐकून घ्यावे, वाद घालू नये, आणि सकाळी ठरल्याप्रमाणे बसपर्यंत घेऊन जावे. सुरुवातीपासून नको म्हणणाऱ्या, आता उलट्या करणाऱ्या किंवा रात्रभर न झोपलेल्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याला पाठवू नये. भरलेले पैसे या निर्णयात मोजू नयेत. ते परत मिळण्याचे नियम पैसे भरण्यापूर्वीच वाचावेत आणि तारीख बदलून मिळते का हे तेव्हाच विचारून ठेवावे.